चेनसॉ कापत नाही, नुसतं पीठ पाडतो: मोठं मशीन घेण्याआधी हे बघा

मार्च लागला की माझ्या दुकानाच्या पायरीवर चेनसॉ येऊन बसायला लागतात. आमच्या दापोलीच्या बाजूला पावसाळ्याच्या बेगमीत आमसुलं आणि सांडग्यांच्या जोडीला सरपण येतंच. मिरगाच्या आत लाकडं कापून, फोडून, पडवीत रचून झालेली असावी लागतात. पूर्वी हे काम दोन गडी आणि एक लांब करवत करायची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आंबे, फणस, माड, पोफळी आडव्या झाल्या आणि वाडीवाडीत चेनसॉ शिरला. तोवर मी पाण्याचे पंप आणि ग्रास कटर दुरुस्त करत होतो. त्या वर्षापासून अर्धा उन्हाळा चेनसॉतच जातो.

तक्रार ठरलेली: "मशीनमध्ये दम नाय रे. ह्याच्यापेक्षा मोठं कुठलं घेऊ?" आणि बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. चेन बोथट असते, उलटी असते, चुकीच्या मापाची असते, नाहीतर त्या लाकडाला न मानवणारी असते. मोठं मशीन घेऊन त्यावर तसलीच चेन चढवली तर तेच दुखणं जास्त पेट्रोल पिऊन पुन्हा समोर येतं.

लक्षणं

पहिला पुरावा बुंध्याखाली पडलेला असतो. मूठभर भुसा उचलून तळहातावर पसरा. धारदार चेन ओंडका आडवा कापताना पातळ पोह्यासारख्या कपच्या टाकते. बोथट चेन नाचणीचं पीठ टाकते, बोटांना चिकटणारं, फुंकर मारली की उडणारं. पूर्ण सुकलेल्या ऐनाचा किंवा बाभळीचा भुसा थोडा बारीक पडणारच, तेवढी सूट द्या. पण त्यातही कपच्या दिसायला हव्यात.

बाकीची लक्षणं अशी. मशीन स्वतःच्या वजनानं आत उतरत नाही, वरून दाबावं लागतं. कापातून धूर येतो, कापलेला भाग करपल्यासारखा काळा दिसतो. काप सरळ न जाता एका बाजूला वळतो आणि अर्ध्यावर बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, अडकतो. चेन दर दहा मिनिटांनी सैल होते किंवा बारवरून उतरते.

आता कान लावा, कारण इथे दोन दुखणी वेगळी होतात. लाकडात असताना इंजिन जोरात ओरडतंय, चेन फिरतेय, पण काप पुढे सरकत नाही, तर दोष चेनचा. इंजिन ओरडतंय पण चेन थांबते, तर ब्रेक किंवा क्लच. लाकडाला टेकवल्यावर इंजिनाचाच आवाज बसतो आणि ते बंद पडतं, तर इंजिनाकडे बघायचं. पण तेही शेवटी, कारण बोथट चेनवर माणूस एवढा जोर देतो की चांगलं इंजिनही गुदमरतं.

पुढचं काहीही करण्याआधी मशीन बंद करा, प्लगची टोपी काढा, हातात जाड मोजे घाला.

फुकटात होणारी तपासणी

चेन उलटी तर नाही? हसू नका. बारच्या वरच्या अंगाला दात्याची धार नाकाकडे, म्हणजे टोकाकडे हवी. गेल्या वर्षी एक काका नवं मशीन घेऊन आले. दुकानदारानं जोडून दिलेलं, दोन दिवस त्यांनी आंब्याच्या फांदीवर घासलेलं. फांदीला नुसता चटका बसला होता. चेन उलटवली आणि दुकानासमोरच्या ओंडक्यावर एक काप मारून दाखवला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे किती?" घेतले नाहीत.

ब्रेक सुटलाय का? पुढच्या हँडलसमोरची प्लास्टिकची ढाल पुढे ढकलली की ब्रेक लागतो, हँडलकडे ओढली की सुटतो. अर्धवट लागलेल्या ब्रेकवर रेस दिली की क्लचचा ड्रम लालबुंद होतो आणि आजूबाजूचं प्लास्टिक वितळतं. धूर लाकडातून न येता मशीनच्या कव्हरमधून येत असेल तर लगेच थांबा.

ताण बघा, आणि तो चेन थंड असताना. बारच्या मधोमध चेन वर उचलली तर खालचे दाते, म्हणजे खोबणीत चालणाऱ्या ड्राइव्ह लिंक, खोबणीतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत. मोजे घातलेल्या हातानं चेन ओढली तर ती सहज फिरली पाहिजे. ताण देताना बारचं नाक वर उचलून धरा आणि तसंच धरून नट आवळा, नाहीतर पहिल्याच कापाला चेन पुन्हा सैल. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात ताणतेच, तिला दोन-तीनदा आवळावं लागतं. आणि गरम असताना आवळलेली चेन काम संपल्यावर सैल करून ठेवा. थंड होताना ती आखडते आणि सगळा ताण बारवर आणि क्रँकच्या बेअरिंगवर पडतो.

मग तेल. यापुरतं मशीन चालू करा, बारचं टोक जुन्या वर्तमानपत्रापासून वीतभर लांब धरून अर्धा मिनिट रेस द्या. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर मशीन पुन्हा बंद करून, प्लगची टोपी काढून बार काढा. त्याच्या बुडाशी तेलाचं बारीक भोक असतं, त्यात भुसा आणि तेलाचा चिखल गच्च बसलेला असतो. तारेनं ते भोक मोकळं करा, खोबणीही खरवडून घ्या. फणस कापल्यावर हे हमखास करायचं, चीक सगळीकडे जातो. तेल सुकलं की चेन तापते, तापली की ताणते, ताणली की उतरते. "चेन सारखी निघते" म्हणणाऱ्यांत तेलाचेच रुग्ण जास्त. साधारण हिशेब असा की पेट्रोलची एक टाकी संपताना तेलाची टाकीही संपत आलेली असावी. तेल तसंच उरलं असेल तर ते चेनपर्यंत पोचलेलंच नाही.

कुठलं तेल? गाडीतून काढलेलं जळकं ऑइल घालू नका. त्यातल्या धातूच्या कणांनी पंप आणि बार दोन्ही झिजतात. बारचं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर नवं साधं इंजिन ऑइल चालतं. एकानं घरचं खोबरेल घातलं होतं. उन्हाळाभर छान चाललं. डिसेंबरच्या सकाळी टाकीत पांढरा गोळा. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, डोक्यात आलं नाही एवढंच.

शे-दीडशे रुपयांची तपासणी: कानस

दात्याच्या वरच्या कडेवर उजेड पाडून बघा. कडेवर बारीक पांढरी चमकती रेघ दिसली तर धार गेली. धारेवरून उजेड परतत नाही, बोथट कडेवरून परततो.

धार जाते कशानं? लाकडानं कमी, मातीनं जास्त. आमच्याकडे लाल माती आणि जांभ्याची खडी. ओंडका जमिनीवर ठेवून आरपार कापला आणि चेन शेवटी मातीला टेकली, तर त्या एका क्षणात सकाळची सगळी धार गेली. खाली दोन फाटे आडवे टाकून त्यावर ओंडका ठेवा. किंवा पाऊण जाडी वरून कापा, ओंडका फिरवा आणि उरलेली कापा. दुसरा शत्रू म्हणजे कुंपणाची तार आणि खिळे. गडग्याकडेच्या झाडात वीस वर्षांपूर्वी मारलेला खिळा आता आत गडप झालेला असतो, वरून फक्त निळसर काळा डाग दिसतो. तो डाग दिसला की हातभर सोडून कापा.

चेनला गोल कानस लागते, आणि तिचं माप चेनच्या पिचवर, म्हणजे कड्यांमधल्या अंतरावर ठरतं. ते इंचात असतं, मोजायचं कसं ते पुढे सांगतो. ०.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिमी, छोट्या मशीनवरच्या ३/८ लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या चेनला ४ मिमी, मोठ्या ३/८ चेनला ५.२ किंवा ५.५ मिमी. बारीक कानस दात्याच्या पोटात खड्डा पाडते, जाडी कानस धार बोथट ठेवते. दुकानात कानस मागताना चेन सोबत न्या.

पद्धत सोपी आहे, घाई सोडायला हवी. ओंडक्यात एक खाच मारून बार तिच्यात घट्ट बसवा, ब्रेक लावा. सगळ्यात आखूड दाता शोधून त्यावर मार्करनं खूण करा. बाकी सगळे त्याच्या मापाला आणायचे. दात्यावर ३० अंशाची रेघ बहुतेक चेनवर कोरलेलीच असते, तिच्याशी कानस समांतर ठेवा. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दात्याच्या वर दिसावा. आतून बाहेर, फक्त पुढे जाताना दाब, परत येताना कानस उचलून. एका बाजूच्या सगळ्या दात्यांना सारखेच तीन-चार हात, मग दुसऱ्या बाजूनं उभं राहून तेवढेच.

दाते डावे-उजवे आलटून पालटून असतात आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतला जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ साली एका भुंग्याच्या अळीकडे बघत बसला होता. अळी लाकूड ओरबाडत नव्हती, जबड्यानं डावीकडे-उजवीकडे कापत जात होती. त्यावरून त्यानं आजच्या चेनचा दाता बनवला. आपल्याकडे आंब्याच्या खोडातला भिरूड असाच लाकूड पोखरत जातो, आपण मात्र त्याच्या भोकात औषध सोडून मोकळे होतो.

तर डावे आणि उजवे दाते सारखे नसतील तर काप वळणार. उजव्या हाताच्या माणसाचा एका बाजूला जोर जास्त पडतो, त्या बाजूचे दाते जास्त घासले जातात. ज्या बाजूचे दाते लांब आणि धारदार, त्या बाजूला बार ओढला जातो. "मशीन वाकडं कापतं" म्हणून आलेल्यांच्या चेनवर मी आधी दोन्हीकडचे दाते मोजतो.

दात्याच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, खोलीचा. दाता लाकडात किती उतरेल ते तो ठरवतो. तीन-चार वेळा धार लावली की दाता खाली येतो, उंचवटा तसाच राहतो. मग दाता कितीही धारदार असला तरी लाकडाला टेकतच नाही आणि पुन्हा पीठ. दाता आणि उंचवटा यांत साधारण ०.६५ मिमी फरक हवा. त्यासाठी एक पत्र्याचं गेज मिळतं. ते चेनवर ठेवायचं आणि वर आलेला भाग चपट्या कानशीनं घासायचा. अंदाजानं घासू नका. उंचवटा जास्त खाली गेला तर दाता मोठा घास घेतो, मशीन हिसके देतं आणि टोकाकडून उलटून अंगावर यायचा धोका वाढतो. हे एकच काम मी गिऱ्हाइकाला "घरी करू नका" म्हणतो, गेज नसेल तर.

बार आणि स्प्रॉकेट

बारच्या दोन्ही कडांवरून नख फिरवा. बाहेरच्या बाजूला धारदार कंगोरा आला असेल तर चपट्या कानशीनं काढा. दोन कडांची उंची सारखी आहे का, हे बार काचेवर उभा धरून कळतं. एक कड बसली असेल तर चेन तिरकी चालते आणि काप वळतो, मग धार कितीही छान लावा. खोबणीत चेन बोटानं डावी-उजवी हलवून बघा. खूप कलत असेल तर बार संपला. चेन बदलताना दर वेळी बार उलटा करून लावला तर दोन्ही कडा सारख्या झिजतात आणि बार जवळपास दुप्पट टिकतो.

स्प्रॉकेट म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक. त्यावर चेननं खोल खाचा पाडल्या असतील तर नवी चेन टाकू नका. जुनी खाच नव्या चेनचं पिच बिघडवते. दोन चेनमागे एक स्प्रॉकेट, हा माझा हिशेब.

चेनच चुकीची असेल तर

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, "वीस इंची चेन द्या." इंच हे बारचं माप झालं. चेन तीन आकड्यांवर घ्यायची: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर भागिले दोन. गेज म्हणजे खोबणीत बसणाऱ्या पट्टीची जाडी. हे तिन्ही आकडे बहुतेक बारच्या बुडाशी कोरलेले असतात, कापडानं पुसा की दिसतात. बाजारात मिळणाऱ्या ५२-५८ सीसीच्या बऱ्याच मशीनवर ०.३२५ पिच, ०.०५८ गेज, आणि १८ इंचाला ७२, २० इंचाला ७६ लिंक असतात. पण माझ्यावर विसंबू नका, स्वतःचा बार वाचा. ०.०५८ च्या बारमध्ये ०.०५० ची चेन बसते, फिरते, आणि लोळते. काप वाकडा येतो, लोक बारला दोष देतात. ३/८ ची चेन ०.३२५ च्या स्प्रॉकेटवर चढवली तर ती दोघांनाही खाते.

मग जात. वरून दाता बघा. कोपरा सुताराच्या पटाशीसारखा काटकोनी असेल तर ती फुल चिझेल. कोपरा नखासारखा गोल असेल तर सेमी चिझेल. फुल चिझेल ताज्या, स्वच्छ, मऊ लाकडात सुसाट पळते. पण तिचं सगळं काम त्या एका टोकावर चालतं. माती लागली किंवा सुकी बाभूळ आली की ते टोक पहिलं जातं. सेमी चिझेल थोडी हळू कापते, पण धूळ, साल, सुकं कठीण लाकूड सहन करते आणि धार जास्त वेळ धरते. सरपण म्हणजे सुकलेलं, जमिनीवरून ओढत आणलेलं, सालीत माती भरलेलं लाकूड. त्यामुळे सरपणाला सेमी चिझेल, डोळे मिटून. दुकानदार "ही फास्ट आहे" म्हणाला तरी.

माडासाठी वेगळं सांगतो. माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण, आतला काथ्यासारखा. दोरे निघतात आणि स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये गुंडाळतात. तिथेही सेमी चिझेलच, आणि दर पाच-सहा कापांनी कव्हर उघडून दोरे उपसायचे. कार्बाइडच्या टोकांची चेनही मिळते, मातीला दाद देत नाही. पण महाग असते आणि साध्या कानशीनं तिला धार लागत नाही, हिऱ्याचं चाक लागतं. घरच्या सरपणाला नको.

आता त्या "मोठं कुठलं घेऊ" वर. लोक ५८ सीसीचं मशीन आणि त्यावर २२ इंची बार घेतात, आणि कापतात मांडीएवढ्या फांद्या. लांब बार म्हणजे जास्त चेन ओढायची, जास्त तेल, जास्त दाते घासायचे आणि टोक कुठे टेकतंय ते दिसत नाही. टोकाच्या वरच्या कोपऱ्याला काही लागलं की मशीन उसळून तोंडावर येतं. फूटभर जाडीपर्यंतच्या लाकडाला ४० सीसीच्या आसपासचं मशीन आणि १६ इंची बार पुरतो. वादळात पडलेला जुना आंबा कापायचा असेल तर ५०-५५ सीसी आणि १८ इंच. त्याच मशीनवर २२ ऐवजी १८ इंची बार टाकला, नवी सेमी चिझेल चढवली, की गिऱ्हाईक विचारतं, "इंजिनमध्ये काय केलंस?"

अंगणातच कापायचं असेल तर विजेवरचं मशीनही छान. पण २००० वॅटचं मशीन जवळपास नऊ अँपिअर ओढतं. लग्नाच्या मांडवातली बारीक वायर पन्नास फूट ओढून त्यावर ते लावलं तर दम जाणारच. वायर हाताला गरम लागली तर दोष वायरचा.

इंजिन, अगदी शेवटी

एअर फिल्टर काढून झटका, धुवा, वाळवा. सुक्या लाकडाचा भुसा त्यात थापून बसतो. पेट्रोल ताजं घाला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. ते दमट हवेत पाणी ओढतं आणि पावसाळाभर टाकीत राहिलं तर कार्बोरेटरचे पडदे कडक करून टाकतं. पाऊस लागण्याआधी टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवा. टू-स्ट्रोक ऑइल मशीनच्या पुस्तकात असेल त्या प्रमाणात: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. बाटलीच्या झाकणानं मोजणारे खराब झालेला पिस्टन घेऊनच माझ्याकडे येतात.

कुठे थांबायचं

रेस सोडल्यावरही चेन फिरत राहते आणि आयडलचा स्क्रू कमी करूनही थांबत नाही. ब्रेक लावला तरी चेन थांबत नाही. रेसचा खटका अडकतो. पेट्रोल गळतं. चेनच्या पट्टीला किंवा बारला तडा गेलाय. दोरी ओढताना काहीच अडथळा लागत नाही, म्हणजे कॉम्प्रेशन गेलं. यातलं एक जरी असेल तरी एकही काप मारू नका, मेकॅनिककडे आणा. कार्बोरेटरचे स्क्रू कानावर फिरवत बसू नका. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, की मशीन थोडा वेळ झकास पळतं आणि मग पिस्टन सिलिंडरमध्ये तापून अडकतो.

आणि हे सगळं खाली पडलेल्या लाकडासाठी झालं. उभं झाड, दुसऱ्या झाडावर अडकलेलं झाड, ताणाखाली वाकलेली फांदी हे रोज झाडं पाडणाऱ्याचं काम. तारेवर पडलेलं असेल तर १९१२ ला फोन करा, महावितरणनं लाइन बंद केल्याशिवाय जवळ जाऊ नका. आंबा, फणस, ऐन, साग ही झाडं स्वतःच्या जागेतली असली तरी तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ती आधी. लुंगी आणि चप्पल घालून मशीन चालवणाऱ्याला मी धार लावून देत नाही, यावरून दोघांशी भांडणही झालंय.

मेकॅनिककडे येताना फक्त मशीन आणू नका. बार आणि चेन जशी होती तशी त्यावर असू द्या, कापलेल्या लाकडाचा एक तुकडा आणा, आणि कागदाच्या पुडीत मूठभर भुसा. पुडी उघडली की अर्धी दुरुस्ती तिथेच कळते.